कीटमाळाची खाण

पाटोद्याच्या माथ्यावरून आणलंत काय, असं आमच्या आंबा गावात मला ज्यानं त्यानं विचारलं. मी पोत्याचं तोंड सोडून दाखवलं की माणसं एकमेकांकडे बघायची. आत काळे दगड. कुणी एखादा हातात घेई, जड लागला की भुवया उंचावून परत ठेवून देई. "एवढ्यासाठी बैलं दमवलीत?" आमच्या आळीतले एक वकील म्हणाले. त्यांना ओट्यावर उभ्याउभ्या सगळं सांगणं शक्य नव्हतं, म्हणून आता बसून लिहितो आहे.

मी वैद्य. वडील गेल्यावर औषधशाळा माझ्याकडे आली, असं लोक समजतात. खरं तर ती माझ्या आत्याकडे गेली. गोदाआत्या लहानपणीच विधवा होऊन भावाकडे आली ती आली, आणि तेव्हापासून खलबत्ता तिच्या हातात आहे. नाडी मी बघतो, पुडी ती बांधते. आंब्यातले रोगी दारातून आत येताना आधी विचारतात, "आत्या आहेत ना?"

आमच्या औषधांत मंडूर नावाचं एक औषध आहे. अंगातलं रक्त आटून माणूस पांढरा पडतो, चार पावलांत धापा टाकतो, त्याला आम्ही पांडुरोग म्हणतो, आणि त्यावर मंडुरासारखं दुसरं औषध नाही. लोखंड गाळताना भट्टीत जो मळ राहतो ते कीट, आणि मंडूर त्याचंच करतात. ते जितकं जुनं तितकं गुणाचं, आणि शंभर वर्षांहून जुनं सगळ्यांत उत्तम. असं कीट आता कुठून मिळणार? बाजारातला एक व्यापारी आम्हांला पुरवायचा. गेल्या दिवाळीच्या सुमारास त्या औषधानं रोग्यांची पोटं दुखू लागली, तेव्हा आत्यानं एक खडा फोडून हुंगला आणि म्हणाली, "ही लोहाराच्या भट्टीतली कालची राख आहे." सगळी बरणी तिनं उकिरड्यावर रिती केली.

"आता रोग्यांना काय द्यायचं?" मी विचारलं.

"खरं कीट शोधून आणायचं," ती म्हणाली. "आणि मी पण येणार."

गाडीचे हिसके तिला सोसायचे नाहीत, असं मी सांगून पाहिलं. "हाडं माझी आहेत," एवढंच उत्तर मिळालं.

युसूफ वडगावचा बाजार

माघ अर्धा सरला होता. गाडीवान मकबूलभाई म्हणजे आमच्या घरचाच माणूस. त्यांनी सुचवलं की पहिल्यांदा युसूफ वडगावच्या बाजाराला जावं, तिथं घिसाडी उतरतात, लोखंडातलं त्यांना ठाऊक.

बाजाराच्या कडेला लिंबाखाली एका घिसाड्याचं बिऱ्हाड होतं. नवरा, रामा त्याचं नाव, सांडशीत तांबडंलाल पोलाद धरून बसला होता आणि त्याची बायको चंद्रा उभी राहून त्यावर घण घालत होती. घण माझ्याच्यानं उचलला गेला असता की नाही, शंका आहे. ती तो डोक्यामागून आणून नेमका नवरा दाखवील तिथं उतरवत होती, आणि मधल्या वेळात गिऱ्हाइकाशी घासाघीसही करत होती. आमच्याकडे बायकांच्या हाती फुंकणी येते, इथं फुंकायचं काम नवऱ्याकडे होतं. आत्या तिथंच बसली. बाजार उठेपर्यंत ती हलली नाही.

शेवटी तिनं जुन्या कीटाचं विचारलं. चंद्रानं घण टेकवला.

"पाटोद्याकडं डोंगरावर भट्टीवाडी म्हनून गाव हाय. तिथं एक माळ हाय, सगळा काळा. कीटमाळ म्हनत्यात. वर खान हाय लोखंडाची, लई जुनी. आमचं वाडवडील सांगायचे, तिथं रातंदिस भट्ट्या पेटायच्या."

"तुम्ही पाहिलाय?"

"दरसाल जातो की तिकडं इळे-कुऱ्हाडी कराया. आताबी तिकडंच निगालोत. पन बाई, पाटलाची माय लई कडक हाय. एक खडा उचलू देत न्हाई कुनाला."

जुन्या भट्ट्यांचा अख्खा माळ! कडक माय असो नाहीतर कुणी असो, तो बघितल्याशिवाय मी घरी जाणार नव्हतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आमची गाडी घिसाड्यांच्या गाडीमागं लागली.

वर चढताना

केज मागं पडलं तसा मुलूख बदलू लागला. खाली काळी रानं, ज्वारी काढणीला आलेली. एका शेतात उशिराच्या पेऱ्याची कणसं अजून कोवळी होती, तिथल्या शेतकऱ्यानं आम्हांला हाका मारून थांबवलं आणि गोवऱ्यांच्या आरात भाजून हुरडा चोळून दिला. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि दह्याची कवडी. ओळख ना पाळख, आणि निघताना वर म्हणतो कसा, "परतताना बी या, कावून लाजता?"

हुरड्याच्या सुस्तीत पुढं जे झालं त्यात माझा दोष नाही. उतारावर चाकाची खीळ निसटली. चाक आपल्या मनानं पुढं पळालं, गाडी एका अंगावर बसली आणि आत्या बोचक्यासकट घरंगळत शेजारच्या करडईच्या रानात गेली. करडईचे काटे ज्यानं पाहिलेत त्याला जास्त सांगायला नको. मी धावलो. ती मधोमध बसून होती, लुगड्यात काटेच काटे, आणि हसत होती. माझी साठीला टेकलेली आत्या इतकी हसलेली मी कधी पाहिली नव्हती. "अरे, गाडीतून पडायला सुद्धा घराबाहेर यावं लागतं," ती म्हणाली. रामानं तिथंच भाता मांडून नवी खीळ करून दिली. तोवर चंद्रा एकेक काटा काढत बसली होती.

मग चढ लागला. सीताफळीची निष्पर्ण झाडं, दरीत पेटल्यासारखा पळस, आणि वर पोचलो तर एकदम आभाळच मोठं झालं. बालाघाटाचा माथा म्हणजे डोंगराचं टोक नव्हे, वर पुन्हा एक सपाट देश आहे. वाळलं पिवळं गवत वाऱ्यानं एका अंगाला झोपलेलं, मध्ये मध्ये तांबडी माती उघडी पडलेली, आणि दूरवर काळविटांचा कळप आमच्याकडे माना उंचावून बघत उभा. खाली मांजरा नदीची रेघ दिसत होती, जानव्याएवढी बारीक. मकबूलभाईंनी बैल थांबवले आणि म्हणाले, "मालक, इतनी हवा और लेनेवाला कोई नहीं."

कीटमाळ

भट्टीवाडीचे पाटील तिशीचे, बोलायला मऊ. आम्ही चावडीपुढं उतरलो तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "सरकारी हुकूम घेऊन आलात का? खान चालू करायची हाय का सरकारला?" मी वैद्य आहे हे पटायला वेळ लागला. पटल्यावर येसर आमटी आणि भाकरी समोर आली, पण कीटाचं नाव काढताच त्यांची नजर घराच्या दाराकडे गेली. दारात त्यांची आई उभी होती. सोजरबाई. उंच, वाळलेली, कपाळ कोरं.

"बगायचं तर बगा," ती म्हणाली. "उचलायचं न्हाई. एकदा एकानं गाडीभर नेलतं, त्या साली गावातली जनावरं पटापटा मेली."

पाटील आम्हांला घेऊन गेले. गाव संपलं, एक टेकाड ओलांडलं, आणि मी जागीच उभा राहिलो. समोरचा सगळा उतार काळा होता. मुठीएवढे, डोक्याएवढे खडे, कुठं काचेसारखे चमकणारे, कुठं उकळता पाक एकदम थिजावा तसे बुडबुड्यांसकट गोठलेले. पायाखाली ते भांड्यासारखे वाजत. मधूनच भाजक्या मातीच्या फुटक्या नळ्या सापडत होत्या, भात्याचा वारा ज्यातून भट्टीत जायचा त्या. किती पिढ्यांनी इथं लोखंड गाळलं असेल. धारूरच्या किल्ल्यावरचे तोफगोळे इथल्याच लोखंडाचे, असं पाटील म्हणाले. खरंखोटं देव जाणे. मी गुडघ्यांवर बसलो आणि लहान मुलासारखा एक खडा उचलला, मग सोजरबाई आठवून परत ठेवला.

खाण उताराच्या माथ्यावर होती. तांबड्या, सच्छिद्र दगडात कोरलेलं तोंड, वाकून जावं लागेल एवढं. पाटलांनी पलिता पेटवला. आत गेलो तर चांगली प्रशस्त दालनं, छत पेलायला मधे मधे दगडाचे खांब तसेच सोडलेले, आणि भिंतीवर जिकडंतिकडं टिकावाचे वार, कालच कुणी मारले असावेत असे ताजे. वटवाघळं फडफडली. गारवा असा की बाहेरचा माळ विसरायला झालं. आत्या प्रत्येक वारावर बोट फिरवत पुढं चालली होती. एका कोनाड्यात शेंदूर फासलेला दगड होता, तिथं तिनं हात जोडले.

परत येताना खाणीच्या तोंडाशी ती थांबली. तिथं तांबड्या मऊ मातीचा एक पट्टा होता, आणि त्यात ओरखडे होते, ओले, बारीक.

"साळिंदर असेल," मी म्हणालो.

आत्यानं खाली वाकून स्वतःची बोटं त्या ओरखड्यांवर ठेवली. ती बरोबर बसली. "पाटील," ती म्हणाली, "इथली माती कोण खातं?"

पाटलांनी मान खाली घातली. हळूच म्हणाले, "आमच्या घरातली."

कौसा

त्यांची बायको कौसा आतल्या खोलीत होती. विशीतली असेल. मी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, तिथं रक्ताचा थेंब नव्हता. नखं चमच्यासारखी खोलगट, जीभ पांढरीफट. दोनदा गर्भ राहून गेला होता. पाण्याची घागर घेऊन यायची तर वाटेत बसावं लागे.

माझ्याशी ती बोलेना. आत्यानं मला बाहेर घालवलं आणि दार लोटून घेतलं. कौसानं तिला जे सांगितलं ते आत्यानं मला नंतर सांगितलं. "भाजलेल्या मडक्यासारखा वास येतो मला त्या मातीचा. तोंडाला पानी सुटतं. नको नको म्हनते आन पाय तिकडंच जातेत. सगळी म्हनत्यात, मला खानीनं धरलंय."

सोजरबाईचं म्हणणं तेच होतं. खाणीनं एकदा धरलं की सोडत नाही. सुनेला माहेरी पाठवायचं आणि लेकाचं दुसरं लग्न करायचं, असं घरात ठरत आलं होतं. पाटोद्याकडचं स्थळही होतं. होळी झाली की बोलणी व्हायची होती.

माती खाल्ल्यानं होणारा पांडुरोग आमच्या शास्त्रात वेगळा सांगितला आहे, आणि त्याचं औषध बाहेर उतारावर गाड्यांनी पडलेलं होतं. मी सोजरबाईपुढं बसून हे सगळं समजावलं. शास्त्र सांगितलं, गुण सांगितले. ती ज्वारी पाखडत राहिली. "तुमचं खरं आसंल," ती म्हणाली, "पन खानीचं खानीला ऱ्हाऊ द्या."

मी उठलो. आत्या तिच्याजवळ सरकली आणि दुसरं सूप ओढून घेऊन पाखडायला लागली.

"तुमचंच बरोबर आहे पाटलीणबाई," आत्या म्हणाली. "तिला खाणीनंच धरलंय."

सोजरबाईचं सूप थांबलं.

"मग सोडवणार कोण? माझ्या भाच्याची पुस्तकं? ज्यानं धरलं त्यानंच सोडायला पाहिजे. त्याच्याच अंगणातली वस्तू त्याची इजाजत मागून घ्यायची, आणि तिच्या पोटात घालायची. दिली तर दिली. नाही दिली तर आम्ही उद्या गाडी जुंपतो."

सोजरबाई सूप उचलून आत गेली. पण सकाळी मी तोंड धुवत होतो तेव्हा ती हळदकुंकू आणि नारळ घेऊन माळाच्या वाटेला लागलेली दिसली. आम्ही मागं गेलो. खाणीच्या तोंडाशी तिनं नारळ फोडला, पुटपुटत काहीतरी मागितलं, मग उतारावर येऊन पहिला खडा स्वतः उचलला आणि आत्याच्या ओटीत टाकला.

भट्टी

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले फार सुखाचे गेले. मंडूर करायचं म्हणजे कीट बेहड्याच्या निखाऱ्यांत लाल करायचं, गोमूत्रात विझवायचं, पुन्हा लाल करायचं, पुन्हा विझवायचं, खडा हातानं चुरेपर्यंत. बेहड्याची लाकडं दरीतून आली. रामानं पाटलांच्या वाड्यामागं भाता बसवला, चंद्रा सांडशी सांभाळू लागली, आणि गावातल्या यच्चयावत गाई आमच्या कामाला लागल्या. तो वास काय वर्णावा. वाऱ्याची दिशा बदलली की अर्धं गाव नाकाला पदर लावून दुसऱ्या अंगाला जाई.

अशाच एका वेळी तापलेला खडा फाटकन फुटला आणि एक निखारा माझ्या पागोट्यात शिरला. मला कळलंच नाही. आत्याला धूर दिसला आणि हाताशी जे मडकं होतं ते तिनं माझ्या डोक्यावर उपडं केलं. मडकं गोमूत्राचं होतं. रामा भाता सोडून जमिनीवर लोळला. पाटील तोंड फिरवून उभे राहिले, त्यांचे खांदे हलत होते. आतल्या खोलीच्या दारात कौसा होती, तिनंही तोंडाला पदर लावला होता. त्या घरात आल्यापासून मी तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं.

चुरा झाला तो खलात पडला. गावातल्या बायका आळीपाळीनं येऊन खलत. बोटांच्या रेषांत जाऊन बसेल इतका बारीक झाल्यावर आत्यानं त्यातला चिमूटभर ताकात कालवून कौसाला दिला. माती सुटावी म्हणून भाजलेले चिंचोके चघळायला दिले, आणि दिवसभर तिला आपल्याजवळ ठेवून घेतलं. पहिले काही दिवस कौसा भिंतीला नाक लावून उभी राही. एकदा तर सरळ माळाकडे निघाली. आत्या तिच्याबरोबर चालत गेली, खाणीच्या तोंडाशी दोघी बसून राहिल्या आणि परत आल्या. "काय केलंत?" मी विचारलं. "चिंचोके खाल्ले," आत्या म्हणाली.

मी रोज पापणी बघत होतो. कधी लाली वाटे, कधी आपलेच डोळे फसवताहेत असं वाटे. होळी जवळ आली तशी माझी भूक गेली. पाटोद्याचे पाहुणे येणार होते, आणि औषधाला महिने लागतात हे मला ठाऊक होतं, सोजरबाईला नव्हतं. मग एका सकाळी कौसा विहिरीवरून घागर घेऊन आली, ओट्यावर ठेवली आणि कामाला लागली. आत्यानं माझ्याकडे पाहिलं. कौसा वाटेत बसली नव्हती. तिच्या स्वतःच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

निघण्याच्या आदल्या दिवशी

होळी झाली आणि आम्ही जायची तयारी केली. पुड्या बांधून झाल्या होत्या. दुपारी आत्या ओसरीवर एकटी बसली असताना एक बाई आली. चुलीला लावलेल्या पोतेऱ्याची माती खाते म्हणाली. ती गेली, दुसरी आली. तिचा नाद राखेचा. संध्याकाळपर्यंत किती आल्या मी मोजल्या नाहीत. सगळ्या आवाज खाली घेऊन बोलत आणि आपण एकट्याच तसल्या असं समजून आलेल्या. लोखंडाच्या डोंगरावर राहणाऱ्या या बायकांच्या अंगात लोखंडाचा कण नव्हता. आत्यानं बांधलेल्या पुड्या सोडल्या आणि नव्यानं वाटण्या करायला घेतल्या.

शेवटी सोजरबाई आली. मी कोपऱ्यात पोती शिवत होतो, तिला दिसलो नाही किंवा तिनं मनावर घेतलं नाही.

"पाटोद्याला निरोप धाडलाय," ती म्हणाली. "नको म्हनून."

"बरं केलंत."

सोजरबाई गेली नाही. खांबाला टेकून उभी राहिली. "मी बी खायचे," ती म्हणाली. "त्याच खानीची. लगीन होऊन आले तवापासनं. सासूला कळू दिलं न्हाई कधी. लेकरं जगली न्हाईत माजी, हा एकच ऱ्हायला. मला कुनी सांगितलं न्हाई बाई, की ही बिमारी हाय. मला वाटलं, मीच वंगाळ हाय."

आत्यानं हातातली पुडी खाली ठेवली. सोजरबाईला तिनं हाताला धरून खाली बसवलं.

कौसा आतून ऐकत असावी. ती बाहेर आली ती दोन वाट्या घेऊन. दोन्हींत ताक होतं, तांबूस काळसर. एक तिनं सासूच्या हातात दिली आणि दुसरी घेऊन तिच्या शेजारी खाली बसली. दोघी प्यायल्या.

आमच्या पोत्यात त्यामुळं तयार औषध थोडं आणि कच्चं कीट जास्त आलं, तेच वकिलांनी पाहिलं. परवा पाटील पुढचं औषध न्यायला आले होते. कौसाची नखं आता गुलाबी आणि सरळ झाली आहेत म्हणाले, माळावर जाते ती सरपणाला. सोजरबाईला मात्र त्या ताकाचा कंटाळा येतो. सून वाटी घेऊन पुढ्यात उभी राहते आणि ती रिकामी झाल्याशिवाय हलत नाही.